‘सोबत कुणी आलं नाही का?’ आणि आम्हा दिव्यांगांना वारंवार विचारले जाणारे इतर प्रश्न

मी डोंबिवलीत राहते आणि रोज लोकलने फोर्टला कामावर जाते. लहानपणी तिन्हीसांजेला अंगणात खेळणारी भावंडं मला दिसेनाशी व्हायची. घरचे म्हणायचे, रातांधळेपणा आहे, गाजरं खा. पुढे निदान झालं, रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्यातला पडदा हळूहळू निकामी करणारा आजार. चोविसाव्या वर्षी उरलीसुरली नजरही गेली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात शेजारी, सहप्रवासी, दुकानदार आणि नातेवाईक यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. माझी एक मैत्रीण व्हीलचेअर वापरते, आमच्या इमारतीत एक कर्णबधिर जोडपं राहतं आणि माझ्या मावसभावाच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. त्यांच्याविषयी जे लिहिलं आहे, ते त्यांना विचारून आणि वाचून दाखवून लिहिलं आहे.

सोबत कुणी आलं नाही का?

बँकेत, दवाखान्यात, साडीच्या दुकानात, रिक्षाच्या रांगेत, सगळीकडे पहिला प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काळजी असते, हे मला कळतं. पण बोलणं पुढे सरकतं तेव्हा काळजीचं रूप बदलतं. सोबत बहीण असली की दुकानदार तिला विचारतो, ‘यांना कुठला रंग दाखवू?’ डॉक्टर तिला विचारतात, ‘यांना किती दिवसांपासून ताप आहे?’ ताप मला आलेला असतो.

दिव्यांग माणसाला काय हवं असतं, असं कुणी एका वाक्यात विचारलं तर मी सांगेन की एकट्याने जाऊन एकट्याने परत येता यावं. पुढची सगळी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात. मदत लागतेच. पण ती कधी आणि किती घ्यायची, हे ज्याला घ्यायची आहे त्याच्या हातात असावं.

अंध म्हणायचं, अपंग म्हणायचं की दिव्यांग?

‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी २७ डिसेंबर २०१५ च्या ‘मन की बात’मध्ये सुचवला आणि नंतर तो सरकारी कागदोपत्री रुळला. आता अर्ज, योजना, विभागाचं नाव, सगळीकडे तोच आहे. त्यामुळे कामापुरता तो वापरणं सोयीचं. मला स्वतःला ‘अंध’ म्हटलं तर वाईट वाटत नाही. तो माझ्या स्थितीचा नेमका शब्द आहे. माझ्या मैत्रिणीला ‘दिव्य’ हा भाग आवडत नाही. ती म्हणते, माझ्या पायांत दिव्य काही नाही, मला लिफ्ट हवी आहे. आमच्या इमारतीतल्या दादा-वहिनींना ‘मुकी-बहिरी’ हे शब्द लागतात, त्यांना ‘कर्णबधिर’ म्हणावं. ‘लंगडा’, ‘आंधळा’, ‘वेडा’ हे शब्द माणसाला हाक मारायला कुणीच वापरू नयेत. सगळ्यात चांगलं म्हणजे नाव विचारावं आणि नावाने हाक मारावी.

रस्ता ओलांडायला मदत कशी करायची?

आधी बोला. ‘ताई, पलीकडे जायचंय का?’ एवढं पुरे. मला स्टॉपवर नुसतं उभं राहायचं असू शकतं. मला न विचारता पलीकडे नेऊन सोडण्याचे प्रसंग बरेच घडले आहेत.

हो म्हटलं, तर तुमचा हात पुढे करा. मी तुमच्या कोपराच्या थोडं वर धरते आणि अर्धं पाऊल मागून चालते. तुम्ही वळलात, थांबलात, पायरी चढलात की मला तुमच्या दंडातून कळतं. माझा हात धरून ओढलंत तर मला काहीच कळत नाही आणि तोल जातो. काठी धरून तर कधीच ओढू नका. काठीचं टोक म्हणजे माझी बोटं आहेत. पायरी आली तर ‘वर’ की ‘खाली’ ते सांगा. नुसतं ‘सांभाळून’ म्हणण्याने फक्त भीती वाढते. आणि पलीकडे पोहोचल्यावर ‘मी निघतो’ असं म्हणून निघा, नाहीतर मी रिकाम्या हवेशी बोलत राहते.

व्हीलचेअरच्या बाबतीतही हाच नियम. न विचारता मागून ढकलू नये. खुर्ची हा त्यात बसणाऱ्याच्या शरीराचाच भाग आहे, तिच्या हँडलला पिशव्या अडकवू नयेत.

फुटपाथवरच्या त्या पिवळ्या फरश्या कशासाठी असतात?

लांब उभ्या रेघा असलेली फरशी म्हणजे ‘चालत राहा’ आणि गोल ठिपक्यांची फरशी म्हणजे ‘थांब, पुढे काहीतरी आहे’. ही कल्पना १९६७ मध्ये जपानमधल्या ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर आली. आपल्याकडे मेट्रो स्थानकांत त्या नीट बसवलेल्या सापडतात. फुटपाथवर मात्र त्या बरेचदा झाडाच्या पारावर किंवा विजेच्या खांबावर जाऊन संपतात, किंवा त्यांच्यावर स्कूटर उभी असते. स्कूटर तुमची असेल तर कृपया दोन फूट सरकवा.

लोकलमध्ये एकटीने कसं जमतं?

जमतं, कारण डबा ठरलेल्या जागी येतो. दिव्यांगांसाठी राखीव डब्यावर व्हीलचेअरचं चिन्ह असतं आणि काही फलाटांवर तो जिथे थांबतो तिथे बीप-बीप वाजणारं यंत्र असतं. मी त्या आवाजाच्या रोखाने जाते. जिथे ते नाही किंवा बंद आहे, तिथे खांब मोजते आणि वडापावच्या गाडीचा वास लक्षात ठेवते. डब्यात चढल्यावर आतली घोषणा ऐकू आली तर ठीक, नाहीतर पुलाचा आवाज, बोगद्यातली गार हवा, वळणावरचा हेलकावा यांवरून स्टेशन कळतं. मुंब्र्याच्या खाडीचा वास आला की मी पर्स आवळते, कारण तिथून पुढे गर्दी वाढते.

या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांनाही बसता येतं. बाकी कुणी चढलं तर रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली दंड होऊ शकतो. गर्दीच्या वेळी धडधाकट माणसं चढतात आणि दाराशी उभी राहतात. त्यांच्यामुळे कुबड्या घेतलेल्या काकांना उतरता येत नाही, हे मी कित्येकदा ऐकलं आहे. त्यांचा राग येतो, पण मी भांडत नाही. मोठ्याने म्हणते, ‘काकांना उतरू द्या.’ बहुतेक वेळा वाट होते.

लोकलची खरी अडचण फलाट आणि पायरी यांच्यातली फट. व्हीलचेअर घेऊन लोकलमध्ये एकटीने चढणं माझ्या मैत्रिणीला आजही शक्य नाही. मेट्रोत शक्य आहे, तिथे फलाट आणि डबा एका पातळीत असतात. म्हणून तिने नोकरी निवडतानाच मेट्रोचा मार्ग पाहिला. मुंबईच्या मेट्रो २अ आणि ७ या मार्गांवर मे २०२३ पासून दिव्यांगांना तिकिटात २५ टक्के सवलतही आहे.

एसटीत आणि रेल्वेत सवलत किती?

एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांग प्रवाशाला ७५ टक्के. अपंगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबतच्या एका माणसाला ५० टक्के. लांबच्या रेल्वेत पूर्ण अंध, बौद्धिक अक्षम आणि सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग प्रवासी यांना द्वितीय श्रेणी, स्लीपर, थर्ड एसी आणि चेअर कारमध्ये ७५ टक्के, फर्स्ट आणि सेकंड एसीत ५० टक्के, आणि सोबत्यालाही तेवढीच. राजधानी-शताब्दीत दर वेगळे आहेत. रेल्वेची सवलत घेण्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढून ठेवलं तर घरी बसून तिकीट काढता येतं. ते काढाच, खिडकीवरच्या रांगेत उभं राहणं वाचतं.

एसटीत चढल्यावर मी वाहकाला उतरायचा थांबा सांगून ठेवते. गावाकडच्या गाड्यांतले वाहक हे काम इतक्या आपुलकीने करतात की त्याबद्दल लिहावं तेवढं थोडं. साताऱ्याकडे जाताना एकदा वाहकदादांनी गाडी थांबवून, स्वतः खाली उतरून, मला रस्त्याच्या योग्य बाजूला उभं केलं होतं.

नोटा कशा ओळखता? कुणी फसवत नाही का?

२०१६ च्या आधीच्या नोटा हाताला सहज कळायच्या. शंभर आणि पाचशेच्या लांबीत १० मिलिमीटरचा फरक होता, रुंदीही जास्त होती. नव्या मालिकेत ५० पासून ५०० पर्यंत सगळ्यांची रुंदी ६६ मिलिमीटरच. शंभरची लांबी १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. म्हणजे दोनशे आणि पाचशे यांच्यात फक्त ४ मिलिमीटर. घाईत, घामट हाताने, मागे रांग उभी असताना ४ मिलिमीटर मोजून बघा म्हणजे कळेल.

कडेला उठावदार तिरक्या रेघा असतात. शंभरला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन छोटी वर्तुळं, पाचशेला पाच. कोऱ्या नोटेवर त्या लागतात. भाजीवाल्या मावशींच्या कनवटीला दहा वेळा जाऊन आलेल्या नोटेवर त्या झिजलेल्या असतात. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं ॲप जानेवारी २०२० मध्ये आलं. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते आकडा बोलून दाखवतं आणि इंटरनेट लागत नाही. घरी नोटा लावताना मी तेच वापरते आणि प्रत्येक नोट वेगळी घडी घालून ठेवते. पाचशेची उभी, दोनशेची आडवी, शंभरची घडीच नाही.

नाण्यांचं बरं आहे. वीस रुपयांचं नाणं बारा कोनांचं आहे, ते अंगठ्याला लगेच कळतं.

फसवणूक? कधीतरी झाली आहे. पण त्याहून कितीतरी अधिक वेळा कुणीतरी मागून हाक मारून म्हणालं आहे, ‘ताई, शंभराच्या जागी पाचशे दिलीत.’

मोबाइलने पैसे देणं सोपं झालं, त्यातही दुकानातला बोलणारा डबा मला सगळ्यात आवडतो. ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ असं तो बोलला की दुकानदाराला आणि मला एकाच वेळी कळतं. क्यूआर कोड मात्र काचेमागे कुठे चिकटवला आहे ते सापडत नाही. गिऱ्हाईक अंध असेल तर कोडचा पुठ्ठा त्याच्या हातात द्या, किंवा नंबर सांगा.

दिसत नाही, मग व्हॉट्सॲप कसं वापरता?

हा प्रश्न आला की मी थोडी सरसावून बसते, कारण इथे आपण सगळे मिळून खूप काही सुधारू शकतो, तेही फुकट.

अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर असतं. बोट जिथे ठेवलं तिथलं अक्षर, बटण, वाक्य ते बोलून दाखवतं. दोनदा टिचकी मारली की ते बटण दाबलं जातं. संगणकावर एनव्हीडीए नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच काम करतं. मराठीही बोलतात, ‘ळ’सकट. मी वाक्यं इतक्या वेगाने ऐकते की शेजारी बसलेल्याला ती मधमाशांची गुणगुण वाटते.

पण हा वाचक फक्त अक्षरं वाचतो. चित्र आलं की ‘फोटो’ एवढंच म्हणतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाणी बंद असल्याची नोटीस यायची ती लेटरहेडवर टाइप करून, शिक्का मारून, तिचा फोटो काढून. मला ऐकू यायचं ‘फोटो’. दोन वेळा मी सकाळी साबण लावून बसले आणि नळ कोरडा. शेवटी सचिव काकांना घरी बोलावलं, चहा दिला आणि त्यांच्यासमोर फोन चालवून दाखवला. त्या दिवसापासून ते फोटोखाली दोन ओळी टाइप करतात. ‘उद्या बुधवार, सकाळी ७ ते १२ पाणी नाही.’ लग्नाची पत्रिका, वर्गणीची यादी, निधनाची बातमी, शाळेची सूचना, सगळ्याला हे लागू आहे. एवढी एकच गोष्ट तुम्ही या लेखातून घेतलीत तरी मला आनंद होईल.

दुसरी गोष्ट फॉन्टची. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. माझा फोन ती तशीच वाचतो आणि काहीच अर्थबोध होत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असेल तर एक अक्षरही चुकत नाही. कार्यालयातून परिपत्रक काढणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की युनिकोडमध्ये टाइप करा आणि छापून, सही करून, स्कॅन केलेली पानं टाकताना सोबत मूळ मजकुराची फाइलही टाका.

तिसरी गोष्ट ॲपवाल्यांसाठी. एका बँकेच्या ॲपमध्ये खातं पडताळताना सूचना आली, ‘चेहरा चौकटीत ठेवा आणि डोळे मिचकावा.’ चौकट कुठे आहे ते मला दिसत नाही, आणि डोळे मिचकावले तरी यंत्राचं समाधान होईना. माझ्याच पैशांसाठी शेजारच्या मुलाला बोलवावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात अशा डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि चेहरा-डोळ्यांच्या पडताळणीला पर्याय देण्याचे निर्देश दिले. निकालाची तारीख लिहून ठेवा, तक्रार करताना कामी येते.

स्वयंपाक तुम्हीच करता? भाजत नाही?

करते. भाजतं, तुम्हालाही भाजतं.

मोहरी तडतडली की कळतं, जिऱ्याचा वास बदलला की कळतं, लसूण लाल झाला की गोडसर वास येतो. दूध तापवताना पातेल्यात स्टीलची छोटी ताटली टाकते. उकळी आली की ती खडखडायला लागते. चहा कपात ओतताना आवाज बारीक होत जातो, शिवाय हाताला वजन कळतं. मिठाच्या डब्याला रबरबँड आणि साखरेच्या डब्याला नाही. डबे ठरलेल्या क्रमाने असतात आणि घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं आहे की घेतलेला डबा होता तिथेच ठेवायचा. साड्यांच्या ब्लाउजला आतून वेगवेगळे टाके घातले आहेत. निळ्याला एक, हिरव्याला दोन. रंग मला आठवतात. आईच्या मोरपंखी साडीचा रंग तर अजून डोळ्यांपुढे आहे.

गणपती मंडळ, लग्न, सोसायटीची मीटिंग इथे काय सोय करावी?

उतारापासून सुरू करू. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. एका पायरीची उंची सहा इंच असेल तर सहा फूट. त्याहून उभा उतार म्हणजे घसरगुंडी, त्यावरून व्हीलचेअर एकट्याने चढत नाही आणि उतरताना उलटते. बऱ्याच इमारतींत ‘रॅम्प केला आहे’ म्हणून जे दाखवतात ते स्कूटर चढवायचं असतं. हातात मोजपट्टी घेऊन बघा. दारं किमान ९० सेंटिमीटर रुंद हवीत. मंगल कार्यालयात सगळं छान असतं आणि स्वच्छतागृहाचं दार दोन फुटांचं असतं, त्यामुळे माझी मैत्रीण लग्नाला जायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. हे वाचून तुम्हाला कसंसं झालं असेल तर कार्यालय ठरवताना ते दार बघून या.

लग्नातलं स्टेज साधारण तीन फुटांचं असतं. त्याला छत्तीस फूट उतार कुणी बांधणार नाही. मग चार जण खुर्चीसकट तिला उचलतात, सगळे बघतात, फोटोग्राफर थांबतो. तिला ते नको असतं. आमच्या एका भाचीने फार चांगलं केलं. नवरा-नवरी दोघं स्टेजवरून खाली आली, मैत्रिणीच्या शेजारी खुर्च्यांवर बसली आणि फोटो काढला. त्या अल्बममधला तो सगळ्यात छान फोटो आहे असं सगळे म्हणतात.

मंडपाचे बांबू आणि दोऱ्या काठीला लागतात, पण छातीच्या उंचीवर बांधलेली दोरी आणि डोक्याला लागणारं तोरण काठीला कळत नाही. ते साडेसहा फुटांच्या वर बांधा. देवळात व्हीलचेअर अडवली जाते, चाकं रस्त्यावरची म्हणून. ओल्या फडक्याने चाकं पुसून आत घेणारी देवळंही मी पाहिली आहेत. पुजाऱ्यांशी आधी बोलावं, बहुतेक ठिकाणी वाट निघते.

पंगतीत अंध माणसाला ताट घड्याळाप्रमाणे सांगा. ‘बाराला मीठ-लिंबू, तीनला भाजी, सहाला पोळी, नऊला कोशिंबीर.’ एवढं सांगून तुम्ही आपल्या जेवणाला लागा. हळदीकुंकवाला अंध बाईला वगळू नका, आणि कुंकू लावताना आधी ‘लावते हं’ म्हणा.

शेजारी कर्णबधिर आहेत. त्यांच्याशी बोलायचं कसं?

उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असं समोर उभं राहून, नेहमीच्या वेगाने. ओरडून काही होत नाही, उलट ओठांचा आकार बिघडतो. लक्ष वेधायला हात हलवा किंवा खांद्याला हलकेच स्पर्श करा. नाहीच जमलं तर फोनवर टाइप करून दाखवा. आमच्या दादा-वहिनींच्या दारावरची घंटा दाबली की आत दिवा लुकलुकतो, दूधवाल्यालाही ते माहीत आहे.

मी आणि वहिनी कशा बोलतो, हा प्रश्न मला हमखास येतो. मी बोलते, फोन ते अक्षरांत दाखवतो. त्या टाइप करतात, फोन ते मला वाचून दाखवतो. मध्ये त्यांची लेक असली की ती दुभाषी होते. पण ती बारा वर्षांची आहे. डॉक्टरांकडे, बँकेत, पोलिसांत तिला दुभाषी म्हणून न्यावं लागू नये, तिथे प्रशिक्षित दुभाषी मिळायला हवा.

भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. मराठीचं हातांनी केलेलं भाषांतर म्हणजे ही भाषा नव्हे. त्यात प्रश्नाचा शब्द शेवटी येतो. दिल्लीत २०१५ मध्ये तिच्यासाठी राष्ट्रीय संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं आणि २०२१ पर्यंत तिच्या कोशात दहा हजार शब्द झाले. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ‘नमस्कार’, ‘जेवलात का’, ‘पाणी गेलं’, ‘लिफ्ट बंद’ एवढ्या खुणा इमारतीतल्या प्रत्येकाने शिकाव्यात असं मला मनापासून वाटतं.

यूडीआयडी कार्ड कसं काढायचं? टक्केवारीवरून वाद का होतात?

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, त्यालाच स्वावलंबन कार्ड म्हणतात. त्याच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा. फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, जुने वैद्यकीय कागद जोडायचे. मग आपल्या जिल्ह्यातल्या ठरवून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते आणि कार्ड टपालाने येतं. स्वतःला भरता येत नसेल तर सेतू केंद्रात भरून मिळतो. कार्डावरची पट्टी पांढरी असेल तर अपंगत्व ४० टक्क्यांखाली, पिवळी असेल तर ४० ते ८० च्या आत, निळी असेल तर ८० किंवा जास्त.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यात जखमी झालेले, स्वमग्नता, पार्किन्सन हे सगळे त्यात आले. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव असतात, पण त्यासाठी ४० टक्के अपंगत्व लागतं. म्हणून ३८ आणि ४० यांवर घरंच्या घरं बेचैन होतात. माझ्या मते आकडा माणसाच्या दिवसाबद्दल फार थोडं सांगतो, पण कागद आकड्यावरच चालतो. तेव्हा तपासणीला जाताना सगळे जुने रिपोर्ट न्या, कोणती कामं जमत नाहीत ते लिहून न्या, आणि निकाल पटला नाही तर अपील करा. तसा हक्क कायद्यातच आहे.

पैशांची मदत कुठून मिळते?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांना २०२५ पासून महिना २,५०० रुपये आहेत. अर्ज तहसील कार्यालयात. ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. हे गावात बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ग्रामसभेत उठून विचारा की गेल्या वर्षी ही रक्कम कशावर खर्च झाली. ४० टक्क्यांवरच्या अपंगत्वाला राज्यात व्यवसाय कर माफ आहे. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यांना अपंगत्वासाठी ७५,००० आणि तीव्र अपंगत्वाला १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

परीक्षेला लेखनिक कसा मिळवायचा?

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. त्या सूचनांप्रमाणे लेखनिक आपला आपण आणता यायचा, मात्र त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावं लागायचं. लेखनिकाचे हे नियम २०२५ मध्ये बदलले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नसलेल्या, पण हाताने लिहिणं शक्य नसलेल्या उमेदवारालाही लेखनिक नाकारता येत नाही.

कागदावर सगळं आहे, लेखनिक मात्र मिळत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मी तीस फोन केले आहेत. तुमच्या घरी अकरावी-बारावीचं मूल असेल, अक्षर बरं असेल आणि त्याला ऐकलं तसं लिहिता येत असेल, तर जवळच्या अंधशाळेत नाव नोंदवा. तीन तास मान खाली घालून दुसऱ्याची उत्तरं लिहिणं, मनातली सुधारणा न करता, हे मोठं काम आहे. माझ्या एका लेखनिकेशी मी आजही भाऊबीजेच्या दिवशी फोनवर बोलते.

ब्रेलमध्ये मराठी असतं का?

असतं. भारती ब्रेल. सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट मांडण्यांत आपली सगळी बाराखडी बसते. गंमत अशी की ‘कि’ लिहिताना डोळस माणूस वेलांटी आधी काढतो, ब्रेलमध्ये ती ‘क’नंतर येते, जशी उच्चारात येते तशी. मुंबईत दादरची अंध मुलींची शाळा १९०० सालची आहे. नजर गेल्यावर वाढलेल्या वयात मी ब्रेल शिकले, बोटं तयार व्हायला वर्ष लागलं. आता फोन सगळं वाचतो, मग ब्रेल कशाला असं विचारतात. ऐकून शुद्धलेखन कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ बोटांनाच कळतं. मुलांना ब्रेल शिकवाच.

मुलगा बौद्धिक अक्षम आहे. आमच्यानंतर त्याचं कसं होणार?

मावसभाऊ आणि वहिनी हे रात्री विचारतात, दिवसा नाही. पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, जे करता येतं ते सांगते. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे पालकत्वाचा अर्ज करा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांना हे लागू आहे. याच न्यासाची ‘निरामय’ योजना वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च देते, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. आणि दोन शेजाऱ्यांना मुलाची ओळख आत्ताच करून द्या. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, औषध कोणतं, हे एका कागदावर लिहून त्यांच्याकडे ठेवा. मावसभावाच्या मुलाला किराणावाला ओळखतो, त्याच्या हाताने यादी पाठवली की सामान आणि उरलेले पैसे नीट येतात. तो रोज एकटा जातो आणि एकटा येतो.

मत कसं देता?

मतदान यंत्रावर निळ्या बटणाशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक असतो. केंद्रावर ब्रेल नमुना पत्रिका मागा, उमेदवारांची नावं वाचा, क्रमांक लक्षात ठेवा आणि स्वतः बटण दाबा. हवं असेल तर १८ वर्षांवरचा सोबती नेता येतो. २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभेला ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना १२-ड हा अर्ज भरून घरून मत देण्याची सोय होती. मी केंद्रावरच गेले. गुप्त मतदान स्वतःच्या बोटाने करण्यात काय आहे, ते शब्दांत सांगता येणार नाही.

उतार नाही, लिफ्ट बंद आहे, सूचना वाचता येत नाही. तक्रार कुठे?

आधी त्या जागेच्या प्रमुखाकडे लेखी, तारखेसह, पोच घेऊन. मग पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. त्यांना कायद्याने दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा आणि सेवा सहज वापरता येण्याचे, निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा. तक्रारीत हा निकाल लिहा, फोटो जोडा आणि फोटोखाली काय दिसतं ते चार ओळींत लिहा.

आमच्याकडे एक अंध पाहुण्या येणार आहेत. काही खास तयारी?

आल्यावर एकदा घर फिरवून दाखवा. स्वच्छतागृह, पाण्याचा माठ, दिव्याची बटणं. हो, दिव्याचीही. काहींना थोडा उजेड कळतो. तांब्या-भांडं कुठे ठेवलं ते सांगा. त्या झोपायला गेल्यावर खुर्च्या हलवू नका. आणि दारं पूर्ण उघडी ठेवा किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड काठीला सापडत नाही, ती थेट कपाळाला लागते.